छोटे साउंड मिक्सर नेमके कुणासाठी बनवतात?

खटपट्या (जळगाव)

गेल्या वैशाखातली गोष्ट. पारोळ्याकडे एका हळदीला वाजवायला गेलो होतो. बँड ओळखीच्यांचा. गाडीवर त्यांचा बँजो, ऑक्टोपॅड आणि गाणाऱ्याचा माइक. माझं सामान म्हणजे एक ग्रूव्हबॉक्स (ताल-सुरांचे पॅटर्न रचून वाजवायचा डबा), दोन बारके सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच) आणि हे सगळे आवाज एकत्र करायला १० चॅनेलचा छोटा मिक्सर.

मध्येच नवरदेवाच्या मामांनी फोन पुढे केला. "हे गाणं लावा." एका टोकाला बारकी पिन, दुसऱ्या टोकाला मोठी पिन अशी वायर होती, ती रिकाम्या चॅनेलात खुपसली. गाणं सुरू झालं आणि गायकच गायब! मागचा कोरस आणि थोडी झांज ऐकू येतेय. ढोल नाही, बेस नाही, गाणारा नाही. मामा म्हणतात, फोन घरी नीट वाजत होता. मी म्हणतो, वायर खराब. दुसरी वायर लावली, तेच. शेवटी गाणाऱ्याने माइक फोनच्या स्पीकरपुढे धरला आणि पब्लिक नाचली.

घरी आल्यावर मिक्सर पुढ्यात घेऊन बसलो. १० चॅनेल म्हणजे काय, तर ४ माइकचे आणि ३ स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या, जोड्या. जोडीला दोन मोजायचं, झाले १०. माइक आमचा एकच. स्टिरिओ यंत्रं ऑक्टोपॅड धरून चार. तीन जोड्यांतली शेवटचीसुद्धा यूएसबीवरून लॅपटॉपकडून परत येणाऱ्या आवाजासोबत वाटून घ्यायची, एका वेळी एकच. म्हणजे माझ्या कामाच्या जोड्या अडीच, आणि तीन माइकच्या जागा धूळ खात पडलेल्या.

खोका लहान करायचा म्हणून काय काढलं? म्यूटची बटणं काढली. पुढचा पॅटर्न आधी हेडफोनवर ऐकायची सोय काढली. चालू-बंदचं बटणसुद्धा काढलं, पिन उपटायची! आणि ठेवलं काय, तर २४ इफेक्ट. त्यातले २२ कुणी जन्मात लावत नाही.

तुमच्या मिक्सरात काय नडतं? आणि स्वतः बनवायचा झाला तर काय ठेवाल? कंपन्यांची नावं घेऊन भांडू नका, धागा बंद पडेल.

वांग्याचं_भरीत

मनाकडे बी तसाच डबडा शे भो. बटनं येवढी जवळजवळ की एक फिरावाले गये की दोन फिरतस. वाचत बठेल शे.

सोल्डरवाला (भुसावळ)

खटपट्या भो, तुमचा फोन चांगला, वायर चांगली, मिक्सरही चांगला. तिघांनी मिळून गायक मारला.

माइक चॅनेलवरचं मोठ्या पिनेचं भोक बॅलन्स्ड असतं. पिनेच्या टोकावर जे येतं, त्यातून मधल्या कड्यावर जे येतं ते वजा करायचं, एवढंच त्याचं काम. लांब वायरीत शिरलेली घरघर दोन्हीकडे सारखीच असते, ती वजाबाकीत मरते. आता फोनच्या वायरीत टोकावर डावा आवाज, कड्यावर उजवा. गाण्यात गायक, बेस, ढोल मधोमध बसवलेले असतात, म्हणजे दोन्हीकडे सारखे. मिक्सरने त्यांना घरघर समजून काढून टाकलं. उरलं ते कडेकडेचं, म्हणजे तुमचा कोरस.

उपाय साधा. एका बारक्या पिनेतून दोन मोठ्या मोनो पिना निघतात ती वायर घ्या आणि स्टिरिओ जोडीत लावा. पण मी म्हणतो, इथंच डिझाइन चुकलं. आजकालच्या बारक्या यंत्रांना आउटच मुळी एका स्टिरिओ पिनेचा असतो. मग मिक्सरच्या प्रत्येक भोकाशेजारी एक सरकतं बटण द्या ना: इकडे केलं की बॅलन्स्ड, तिकडे केलं की स्टिरिओ. बटण स्वस्तच असतं. मी इथं दर सीझनला दोन-तीन लोकांना हेच समजावू राह्यलो.

कानबाईची_लेक (धुळे)

माझं दुखणं वेगळं आहे. मी स्टेजवर वाजवत नाही, घरी रेकॉर्ड करते. सासूबाईंना कानबाईची, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीची, खूप गाणी येतात, जुन्या चालीची. गेल्या श्रावणात त्यांना माइकसमोर बसवलं, जोडीला कीबोर्डवर नुसता स्वर आणि एक साधा ताल. मिक्सरची यूएसबी लॅपटॉपला लावली. बायकांनी घर भरलेलं, सासूबाई रंगात आलेल्या, सलग ४० मिनिटं गायल्या.

रात्री उघडून बघते तर लॅपटॉपवर एकच स्टिरिओ ट्रॅक! आवाज, स्वर, ताल सगळं एकजीव. वर मी त्यांना बरं वाटावं म्हणून मिक्सरचा थोडा एको लावला होता, तोही आत शिजून गेलेला. ताल जरा मोठा झालाय, कमी करता येत नाही. खिचडीतून तांदूळ निवडायला बसल्यासारखं झालं. त्या आता म्हणतात, पुन्हा तसं जमायचं नाही.

डब्यावर "यूएसबी रेकॉर्डिंग" असं ठळक छापलेलं होतं. खरं तर "फक्त दोन ट्रॅक" हेही तितकंच ठळक छापायला हवं. माझी मागणी एकच: प्रत्येक चॅनेल वेगळा जाऊ दे, आणि इफेक्टच्या आधीचा जाऊ दे. एको मी नंतर लावीन की.

खटपट्या (जळगाव)

ताई, हे वाचून वाईट वाटलं. तालाचा आवाज जाडसर असेल तर खालची फ्रिक्वेन्सी कापून थोडा मागे जाईल. पूर्ण नाही जाणार.

जुना_ऑपरेटर (अमळनेर)

पोरांनो, सगळं वाचलं. अर्ध्या तक्रारी मिक्सरच्या नाहीत, तुमच्या हाताच्या आहेत.

खटपट्या, गाडीवर दोन्ही अंगांना भोंगे. डावीकडचा नाचणारा उजवीकडचं ऐकतो का कधी? गाडी चालली की स्टिरिओ संपला. मी वर्षानुवर्षं ऑर्केस्ट्रा मोनोतच चालवला, एकानेही पैसे परत मागितले नाहीत. प्रत्येक यंत्राची डावी वायर लाव. बऱ्याच कीबोर्डांवर तिथं "मोनो" लिहिलेलंच असतं, फक्त ती लावली की दोन्ही आवाज आतच एकत्र होऊन येतात. झाले तुझे सात पुरे.

दुसरं. बारक्या यंत्राचा आवाज अर्ध्यावर ठेवता आणि मिक्सरचा गेन (आत येणारा आवाज फुगवायचं बटण) मुरगाळता, मग म्हणता सुंsss येतंय. घरगुती सामानाची लाइन आणि स्टेजच्या सामानाची लाइन यांत साधारण १२ डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) फरक असतो. यंत्राचा आवाज तीन चतुर्थांश उघडा, गेन खाली, मग बघा.

आणि एको सासूबाईंसाठी लावलाच होता तर तो हेडफोनपुरता... असो. ताई, तुमची तक्रार खरी आहे, ती मी मान्य करतो.

खटपट्या (जळगाव)

काका, मोनोचं पटलं. गाडीवर मोनोच. पण तुमचा "डावी वायर" उपाय माझ्या ग्रूव्हबॉक्सला लागू होत नाही, कारण त्याला डावी-उजवी अशी दोन भोकं नाहीतच, एकच बारकं स्टिरिओ भोक आहे. डावी बाजू तेवढी घेतली तर त्यात उजवीकडे ठेवलेली हायहॅट येत नाही. म्हणजे मोनो वाजवायलासुद्धा मिक्सरला स्टिरिओ पिन समजली पाहिजे. फिरून सोल्डरवाल्यांच्या बटणावरच आलो.

सुंsss बद्दल मात्र कान पकडले. काल करून पाहिलं, निम्मं गेलं. उरलेलं निम्मं लॅपटॉपचा चार्जर काढला की जातं.

सोल्डरवाला (भुसावळ)

ते अर्थिंगचं लूप आहे, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेला की घरघर फिरत राहते. चार्जरची तिसरी पिन कापू नका! लोक कापतात आणि मग माझ्याकडे येतात. सगळेच धडपणी येतात असं नाही. लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची डबी टाका.

चालू-बंदच्या बटणाचं आणि अडॅप्टरचं कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. पुष्कळ छोट्या मिक्सरांना तीन पिनांचा एसी अडॅप्टर असतो. आतल्या ऑप-अँपला (आवाज वाढवणारी चिप) अधिक १५ आणि उणे १५ असे दोन्ही व्होल्ट लागतात, ते मधून तार काढलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून सोपे पडतात. तो ट्रान्सफॉर्मर खोक्यात ठेवला तर खोका जड होतो आणि घरघर आत शिरते, म्हणून बाहेर वायरीवर लटकवला. विचार चुकीचा नाही. पण तो गेला की लॅपटॉपचा चार्जर चालत नाही, राउटरचा चालत नाही, बाजारात मिळत नाही. पंधरवड्यापूर्वी एक पोरगा एरंडोलहून आला होता. अडॅप्टरची पिन सैल म्हणून त्याने ती बुटाच्या नाडीने मिक्सरच्या कानाला बांधली होती. नाडी काढली तर आतलं सॉकेट बोर्डासकट हाललं.

अन् हेच खरं दुखणं आहे. छोट्या मिक्सरात सगळी भोकं, सगळे पॉट (फिरवायच्या बटणांखालचे भाग) एकाच मोठ्या बोर्डावर सोल्डर केलेले. भोकाला वरून नट नाही, खाली आधार नाही. एका वायरीला कुणाचा पाय अडकला की बोर्डाला तडा. चार स्क्रूंनी काम झालं असतं तिथं सगळं पोट उघडावं लागतं. माझी मागणी: फीचर एकही वाढवू नका. प्रत्येक भोकाला लोखंडी नट द्या.

पाचवं_सेमिस्टर (जळगाव)

काकांनी आणि दादांनी जुन्या वळणाच्या मिक्सरांचं सांगितलं. इलेक्ट्रॉनिक वाजवणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेलेही आहेत की. टीनेज इंजिनिअरिंगचा टीएक्स-६ २०२२ मध्ये आला. ६ स्टिरिओ इनपुट, आत बॅटरी, तळहाताएवढा. यूएसबीवर चॅनेल वेगळे जातात. १०१०म्यूझिकच्या ब्लूबॉक्सला पण ६ स्टिरिओ इनपुट आहेत आणि तो बारक्या मेमरी कार्डावर ट्रॅक वेगळे रेकॉर्ड करतो. धाग्यातल्या निम्म्या मागण्या तिथं पूर्ण झाल्यात.

वांग्याचं_भरीत

कितलाले?

पाचवं_सेमिस्टर (जळगाव)

टीएक्स-६ आला तेव्हा १,१९९ डॉलर.

वांग्याचं_भरीत

आमना बँडनी गाडी बी इकाले लागी.

जुना_ऑपरेटर (अमळनेर)

फोटो बघितला. ते बटण आहे की ज्वारीचा दाणा? माझ्या बोटाखाली तीन येतील. आणि सगळी भोकं फोनच्या पिनेची. गाडी खड्ड्यात गेली की सहाच्या सहा सुटतील.

पाचवं_सेमिस्टर (जळगाव)

म्हणूनच मी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी) स्वतः बनवून बघितला. आधी नुसत्या १० किलोओहमच्या रेझिस्टरांनी सगळे आवाज एका तारेत जोडले. चालतं, पण आवाज पडतो. पुढे व्हॉल्यूमचे पॉट लावले तर एक फिरवला की दुसऱ्याचा आवाजही हलतो. मग ५५३२ ऑप-अँप घातला, तेव्हा चॅनेल एकमेकांपासून सुटे झाले. पॉवर मात्र पॉवरबँकेच्या ५ व्होल्टवर घेतली आणि तिथं आपटलो. किक (तालातला जाड ठोका) जोरात वाजली की फाटते.

सोल्डरवाला (भुसावळ)

फाटणारच. ५५३२ ला ५ व्होल्ट म्हणजे वऱ्हाडाला एक ताट. अधिक-उणे १५ वर आवाजाला साधारण २७ व्होल्टची उडी मारायला जागा मिळते. ५ व्होल्टवर छत डोक्याला लागतं. ५ चे अधिक-उणे १२ करून देणारी तयार पट्टी मिळते ती लाव, पण तिचा आउट गाळून घे, नाहीतर बारीक शिट्टी ऐकू येईल.

सातपुड्याकडचा (धडगाव)

आमच्याकडे लाइट हाच पहिला प्रश्न. काठी गावच्या होळीला रात्रभर नाच असतो. तिथं ढोल आणि पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) रेकॉर्ड करून त्यावर पुढे इलेक्ट्रॉनिक ताल रचायचा हा माझा उद्योग. जनरेटरवर मिक्सर लावला तर घरघर, इन्व्हर्टरवर लावला तर चुरचुर. मित्राचा झूम कंपनीचा एल-८ मिक्सर वापरून पाहिला, त्यात ४ पेन्सिल सेल घातले की चालतो आणि ट्रॅक कार्डावर वेगळे पडतात. बॅटरीवर घरघरीचं नावच नाही, कारण भिंतीशी संबंधच तुटला. ताई, तुम्हीही हा प्रकार बघा, सासूबाईंना लॅपटॉपसमोर बसवायची गरज पडणार नाही.

अडचण एकच, मोठ्या ढोलाच्या जवळ माइक नेला की गेन शून्यावर असूनही लाल दिवा. माइकच्या भोकाला पॅडचं बटण हवं. २० डीबी खाली आणणारं. छोट्या मिक्सरांत ते पहिलं कापतात.

कानबाईची_लेक (धुळे)

लॅपटॉप नसेल तर त्या अजून मोकळ्या गातील हे खरंच. त्या दिवशी दोनदा स्क्रीन काळी झाली तेव्हा "बंद पडी गया का व?" म्हणून थांबल्या होत्या.

बोरीकाठचा

एक काडी टाकतो. वायरी वरून लावायच्या की मागून? माझ्या मिक्सरात सगळी भोकं वरच्या कडेला, आणि गेनची बटणं बरोबर त्यांच्या पायाशी. १२ वायरी लागल्या की गेन शोधायला केसांत उवा शोधतात तसं शोधावं लागतं.

जुना_ऑपरेटर (अमळनेर)

वरूनच. अंधारात मागे हात घालून कुठली वायर कुठली हे सांगून दाखव.

बोरीकाठचा

काका, घरी टेबल भिंतीला लागून असतं. वरून लावल्या तर मिक्सर आहे की साळिंदर कळत नाही.

जुना_ऑपरेटर (अमळनेर)

मग टेबल सरकव.

खटपट्या (जळगाव)

दोघांचं ऐकून वाटतं की वाद भोकांचा नाहीच, बटणांच्या क्रमाचा आहे. गेन एकदा लावून विसरायची गोष्ट, ती वायरींखाली गेली तरी चालेल. आवाज, म्यूट आणि सेंड (चॅनेलचा आवाज मॉनिटरला किंवा इफेक्टला पाठवायचं बटण) पोटाशी हवेत, मोकळे.

आवाजाला फेडर (वर-खाली सरकणारं बटण) की गोल बटण, यावर काय म्हणता? मला फेडर हवेत, एका नजरेत कळतं कोण किती वर आहे.

सोल्डरवाला (भुसावळ)

फेडर घरी. मिरवणुकीत गोल बटण. गणपतीनंतरच्या आठवड्यात माझ्या टेबलावर येऊन बघा. फेडरच्या फटीतून गुलाल आत जातो, वर घाम, वर कुणीतरी खरखर जावी म्हणून ओतलेलं खोबरेल तेल. आत गुलाबी पिठलं झालेलं असतं. गोल बटणाला फट नसते. फक्त त्यावर रबराचा मुलामा नको. इथल्या ४५ डिग्रीत दोन उन्हाळे काढले की तो चिकट होतो, बोटाला काळं लागतं. साधं कडक प्लास्टिक द्या, आणि त्यावर पांढरी रेघ अशी की मांडवाच्या हिरव्या दिव्यातसुद्धा दिसेल.

हां, ४८ व्होल्टचं राहिलंच. फँटम म्हणजे कंडेन्सर माइकला मिक्सरकडून लागणारे व्होल्ट, त्याचं एकच बटण सगळ्या माइक चॅनेलांना. एका कंडेन्सर माइकसाठी दाबलं की चौघांना ४८ व्होल्ट. आपल्याकडे कीबोर्डचा आउट माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटात घालायला घरी जोडलेल्या वायरी वापरतात. त्यातून ते व्होल्ट थेट कीबोर्डच्या पोटात. लगेच मरतोच असं नाही, पण असे दोन कीबोर्ड मी उघडलेत. प्रत्येक चॅनेलला वेगळं बटण आणि वेगळा दिवा, याला मी फीचर म्हणत नाही. हे हेल्मेट आहे.

पाचवं_सेमिस्टर (जळगाव)

दादा, मघाशी "एकही फीचर नको" म्हणाला होतात. आता बटण झालं, दिवा झाला, पांढरी रेघ झाली.

सोल्डरवाला (भुसावळ)

लिहून घे आणि गप बस.

खटपट्या (जळगाव)

रात्री केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आपला मिक्सर बनवला. खऱ्या मापाचा. बाटल्यांची झाकणं म्हणजे बटणं. माइकचं एकच भोक, त्याला पॅड आणि स्वतःचं ४८ चं बटण. सहा स्टिरिओ भोकं मोठ्या पिनेची, प्रत्येकाला सरकतं बटण, नट लावलेले. इक्यू (जाड-मधला-बारीक आवाज कमीजास्त करायची बटणं) तीन पट्ट्यांचा, पण मधली पट्टी कुठे कापायची ते ठरवता आलं पाहिजे. बऱ्याच जणांची मधली २.५ किलोहर्ट्झवर खिळलेली असते, आणि माझ्या किकची आणि बेसची मारामारी २०० हर्ट्झच्या आसपास चाललेली असते. प्रत्येक चॅनेलला दोन बटणं: म्यूट आणि हेडफोनवर आधी ऐकणे. रात्री १० वाजता भोंगा बंद करावाच लागतो, त्यात पुढचा पॅटर्न चुकीचा सुरू झाला तर ती दोन मिनिटं परत येत नाहीत.

दोन सेंड. एक फेडरच्या आधीचा गाणाऱ्याच्या मॉनिटरला, एक नंतरचा डिलेला. आतला इफेक्ट एकच, डिले, म्हणजे एकोच, आणि तो मिडी क्लॉकवर (यंत्रं एकमेकांना ताल कळवतात ती खूण) ग्रूव्हबॉक्सच्या तालाला बांधलेला. मिडी १९८३ पासून आहे, आणि तरी छोट्या मिक्सरातला एको आपल्याच तंद्रीत वाजतो, हे मला कधी समजलं नाही. ताईंसाठी कार्डावर सुटे ट्रॅक, इफेक्टच्या आधीचे.

मग झाकणं मांडून बघितली. दोन बोटं मधे जातील इतकं अंतर ठेवलं, तर पुठ्ठा माझ्या सध्याच्या मिक्सरच्या पावणेदोन पट झाला. बॅगेत मावत नाही.

जुना_ऑपरेटर (अमळनेर)

मग तो छोटा मिक्सर राहिला का?

खटपट्या (जळगाव)

नाही ना काका. आता काय काढू ते सांगा. माझ्या मते इक्यूची वरची पट्टी काढता येईल. यंत्रांवर स्वतःचा फिल्टर असतोच.

बोरीकाठचा

माइक काढ.

कानबाईची_लेक (धुळे)

माइकला हात लावायचा नाही!

सातपुड्याकडचा (धडगाव)

स्टिरिओ सहाऐवजी चार करा. चारच्या वर यंत्रं एकटा माणूस वाजवत नाही, नुसती मांडतो.

खटपट्या (जळगाव)

हे लागलं. पण खरं आहे. दुसरा सिंथ त्या हळदीत मी एकदाच वाजवला होता.

सोल्डरवाला (भुसावळ)

चार धरून चला. पाचव्या सेमिस्टरचा ५५३२ चा बोर्ड आहे, माझ्याकडे एका मेलेल्या मिक्सरची लोखंडी पेटी आणि धड ट्रान्सफॉर्मर पडलाय. डिले आणि कार्डाचं नंतर बघू, आधी चार स्टिरिओ, एक माइक, म्यूट आणि नट. रविवारी दुकानावर या दोघं. पुठ्ठा आणा, झाकणं चिकटवून आणा, गाडीत सांडतील.

खटपट्या (जळगाव)

दादा, रविवारी घरी कानबाई बसणार. सोमवारी विसर्जन. मंगळवारी येतो.

कानबाईची_लेक (धुळे)

आमच्याकडेही रविवारीच. सातपुड्याकडचे दादा, त्या मित्राचा एल-८ दोन दिवसांसाठी मिळेल का? आणायला मिस्टरांना शहाद्यापर्यंत पाठवते.

सातपुड्याकडचा (धडगाव)

शनिवारी दुपारी शहाद्याच्या स्टँडवर. सेल नवे घाला, आणि चार जादाचे जवळ ठेवा. सासूबाई ४० मिनिटांत थांबणार नाहीत.